पंचांग पाहून माल भरा!

सण दरवर्षी येतात, पण इंग्रजी तारखेला बांधून घेत नाहीत. कधी अकरा दिवस आधी येतात, तर कधी एकोणीस दिवस उशिरा. या सरकण्याचा हिशेब ज्याला जमला त्याचा हंगाम साधतो. ज्याला जमला नाही त्याचे भांडवल पोत्यांत अडकून पडते.

ऑक्टोबर २०२३ चा पहिला आठवडा डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावातले, भर बाजारपेठेतले एक किराणा दुकान. गल्ल्यावर बसलेला तरुण मालक मागच्या वर्षीची वही उघडून घाऊक व्यापाऱ्याला फोनवर माल सांगतो आहे. रवा, मैदा, बेसन, भाजके पोहे, साखर, वनस्पती तूप. मागच्या ऑक्टोबरात जेवढे खपले तेवढे आणि वर थोडे जास्त. एवढ्यात आतल्या बाकावर बसलेले वडील विचारतात, "अरे, दिवाळी कधी आहे ते पाहिलंस का?"

"नोव्हेंबरात आहे ना, अण्णा."

"बारा तारखेला आहे. मग आत्ता उतरवलेली पोती महिनाभर ठेवायची कुठे? आणि बेसनाला कीड लागली तर?"

असा संवाद महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानांत दर दोन-तीन वर्षांनी होतो. जिथे होत नाही तिथे मालक जानेवारीत हिशेब करताना कपाळाला हात लावतो. माल चांगला होता, भाव बरोबर होता, गिऱ्हाईकही होते. चुकली होती ती फक्त तारीख.

अकरा मागे, एकोणीस पुढे

चूक समजायला सोपी आहे. आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर ठरतात. चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणून दरवर्षी सण साधारण अकरा दिवस आधी येतो. असेच चालू राहिले असते तर काही वर्षांनी दिवाळी पावसाळ्यात आली असती. ती येऊ नये म्हणून सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी पंचांगात एक अधिक महिना धरतात. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक मास. तो आला की पुढचे सगळे सण एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे ढकलले जातात.

गेल्या काही वर्षांतले लक्ष्मीपूजन पाहा. २०२० मध्ये १४ नोव्हेंबर, २०२१ मध्ये ४ नोव्हेंबर, २०२२ मध्ये २४ ऑक्टोबर. तीन वर्षे सण मागे मागे येत गेला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दिवाळी थेट १२ नोव्हेंबरला गेली. मग पुन्हा २०२४ मध्ये १ नोव्हेंबर आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अकरा मागे, अकरा मागे, मग एकोणीस पुढे, अशी ही चाल आहे. नुसती मागच्या वर्षीची तारीख पाहून चालणारा दुकानदार दरवर्षीच थोडा चुकतो आणि अधिक मासाच्या वर्षी मोठाच फसतो.

एका दुकानाचा हिशेब

समजण्यासाठी एक सोपे उदाहरण घेऊ. एका दुकानाची एरवीची महिन्याची विक्री चार लाख रुपयांची आहे आणि दिवाळीआधीच्या पंधरवड्यात त्यावर पाच लाखांची जादा विक्री होते, असे धरू. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. सगळा पंधरवडा ऑक्टोबरातच आला. महिन्याची विक्री झाली नऊ लाख.

२०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. पंधरवडा ३० ऑक्टोबरला सुरू झाला. ऑक्टोबरच्या वाट्याला जेमतेम दोन दिवस आले. विक्री साडेचार लाखांच्या आतच राहणार. पण मालकाने वहीतला नऊ लाखांचा आकडा पाहून माल भरला असेल, तर निम्मा माल महिनाअखेर दुकानातच. घाऊक व्यापाऱ्याची उधारी मात्र ठरल्या दिवशी चुकती करायची. हाताशी रोकड नाही म्हणून कर्ज काढायचे आणि दिवाळीचा नफा व्याजात घालवायचा.

आता उलटी चूक पाहा. २०२३ च्या अनुभवाने शहाणा झालेला मालक २०२४ मध्ये ऑक्टोबरात हात आखडता घेतो. पण २०२४ चे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. जवळजवळ सगळी खरेदी ऑक्टोबरातच उरकायची होती. गिऱ्हाईक आले तेव्हा रवा संपलेला, आणि ते समोरच्या दुकानात गेले. जादा माल निदान पुढे तरी विकता येतो. परत गेलेले गिऱ्हाईक मात्र पुढच्या सणालाही समोरच्याच दुकानात जाते.

जुने जाणते व्यापारी म्हणूनच महिन्याची महिन्याशी तुलना करीत नाहीत. ते दिवस मोजतात सणाकडून मागे. दिवाळीला एकवीस दिवस राहिले असताना काय खपले, चौदा दिवस राहिले असताना काय, शेवटच्या तीन दिवसांत काय. अशी वही ठेवली की दिवाळी कोणत्याही तारखेला येवो, तुलना बरोबर होते. वाहन विक्रेत्यांची 'फाडा' ही देशव्यापी संघटनाही सणाच्या हंगामातली विक्री मोजताना नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून ४२ दिवस धरते. रिझर्व्ह बँकेचे संख्याशास्त्रज्ञ आकडेवारीतला हंगामी चढउतार वेगळा काढताना दिवाळीच्या सरकण्याचा परिणाम लक्षात घेतात. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून जे सांगितले तेच ही माणसे संगणकावर करतात.

झेंडूचे फूल कोणासाठी थांबत नाही

रवा-मैदा चार आठवडे टिकतो. फुलांचे तसे नाही. झेंडूची रोपे लावल्यापासून फुले येईपर्यंत दीड-दोन महिने जातात. दसऱ्याला फुले हवीत तर निर्णय भर पावसाळ्यात घ्यावा लागतो.

२०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला होता आणि २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला. एखाद्या शेतकऱ्याने २०२२ ची लावणीची तारीख लक्षात ठेवून त्याच दिवशी रोपे लावली असतील, तर त्याचा बहर ५ ऑक्टोबरच्या सुमारास आला असणार. आणि २०२३ च्या ५ ऑक्टोबरला पितृपक्ष चालू होता! ज्या पंधरवड्यात तोरणे-माळांना मागणी नसते, नेमका त्यातच भरघोस तोडा. दसऱ्याच्या दिवशी झेंडूला भाव आला तेव्हा शेतातला बहर ओसरलेला. कष्टात कसूर नाही, खतपाण्यात कसूर नाही. एकोणीस दिवसांनी सगळे पाणी फिरवले.

पेणच्या गणेशमूर्तिकारांनाही हे सरकणे जाणवते. गणेशचतुर्थी २०२० मध्ये २२ ऑगस्टला होती, तर २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. लवकर येणाऱ्या वर्षी मूर्ती सुकवणे आणि रंगवणे ऐन पावसात करावे लागते, आणि कारागिरांचे काही आठवडे कमी होतात. उशिरा येणाऱ्या वर्षी वेळ मिळतो, पण कच्च्या मालात घातलेला पैसाही तितके दिवस उशिरा सुटतो.

धोंड्याच्या महिन्याचा वेगळा बाजार

अधिक मासात लग्न, मुंज, वास्तुशांत होत नाही. त्यामुळे या महिन्यात बाजार थंड असतो असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

महाराष्ट्रात हा 'धोंड्याचा महिना'. लेक-जावयाला जेवायला बोलवायचे, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाला तेहतीस अनारसे किंवा बत्तासे आणि दिवा वाण म्हणून द्यायचा. सराफाच्या दुकानात मंगळसूत्रे, पाटल्या यांची विचारपूस थंडावते, पण चांदीची निरांजने, छोटी तबके, वाट्या यांना उठाव येतो. कापडाच्या दुकानात शालूंच्या घड्या मोडत नाहीत, पण जावयासाठी शर्ट-पँटचे कापड आणि लेकीसाठी नेहमीच्या वापरातली साडी मात्र खपते. तांब्या-पितळेच्या भांड्यांनाही मागणी येते. दुकान तेच, गिऱ्हाईकही तेच. मागणी एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलेली असते.

घरगुती पदार्थ करून विकणाऱ्या बायकांसाठी तर हा महिना दुसरी दिवाळीच. मात्र अनारसे आज सांगितले आणि उद्या दिले, असे होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाळवून दळायचे, गुळात मळून पीठ काही दिवस मुरू द्यायचे. अधिक मास लागल्यावर पीठ करायला घेतले तर पहिला आठवडा गेलाच. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. म्हणजे मेच्या आरंभीच तांदूळ भिजायला हवेत. तेव्हाचा उकाडा लक्षात घेता भिजवलेला तांदूळ आणि मुरणारे पीठ यांच्याकडे लक्षही जास्त ठेवावे लागणार.

लग्नसराईचा हिशेब आणखी नाजूक. मे-जूनमध्ये अधिक मास आला की मांडववाले, बँडवाले, आचारी, पत्रिका छापणारे या सर्वांचे मुहूर्त आक्रसतात. केवळ अधिक मासच नव्हे, ग्रहांचे अस्तही धंद्यावर परिणाम करतात. २०२४ च्या मे आणि जून महिन्यांत शुक्राचा अस्त असल्याने बऱ्याच पंचांगांत विवाहमुहूर्त नव्हते किंवा अगदी मोजके होते. ज्या कापड दुकानदाराने २०२३ चा मे महिना पाहून शालू भरले त्याला ते हिवाळ्यापर्यंत सांभाळावे लागले. मुहूर्त मानावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण गिऱ्हाईक मुहूर्त मानते, हे दुकानदाराला मानावेच लागते.

एक श्रावण, दोन आरंभ

देश मोठा, आणि पंचांगे अनेक. १९५२ मध्ये केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली, तेव्हा देशात सुमारे तीस प्रकारची पंचांगे चालत असल्याचे दिसून आले. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सरकारी कागदावर ती आली, पण सण घरोघरच्या पंचांगाप्रमाणेच होत राहिले.

महाराष्ट्र, गुजरात आणि दक्षिणेकडे चांद्रमास अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे उत्तरेचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. इंदूरच्या मराठी घरात श्रावणाची चाहूल लागते तेव्हा शेजारच्या घरातले श्रावणी सोमवार निम्मे झालेले असतात. तिथल्या दुकानदाराला साबुदाणा, वरई, शेंगदाणे दोन टप्प्यांत भरावे लागतात.

२०२३ मध्ये तर गंमतच झाली. अधिक श्रावणामुळे उत्तरेत श्रावण ४ जुलै ते ३१ ऑगस्ट असा जवळजवळ दोन महिने चालला आणि आठ सोमवार आले. महाराष्ट्रात १८ जुलैला अधिक श्रावण लागला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला. आता मांसाहार कधीपासून बंद? काही घरांनी दोन्ही महिने पाळले, काहींनी फक्त निज श्रावण. कोंबडी विकणाऱ्याने काय करायचे? पिल्लू विक्रीयोग्य व्हायला सहा आठवडे लागतात. म्हणजे जुलै-ऑगस्टची मागणी जूनमध्येच ओळखायला हवी. ज्यांनी नुसते "श्रावण लागला" म्हणून पिल्ले कमी टाकली त्यांचा एक महिना वाया गेला. ज्यांनी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधीच विचारून ठेवले त्यांना उत्तर घरबसल्या मिळाले.

सूर्यावर चालणारे सण मात्र गुणी. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येणारच. तामिळनाडूतला आडी महिना सौर असल्याने तो दरवर्षी जुलैच्या मध्यावर लागतो. त्या महिन्यात तिथे लग्ने टाळतात, म्हणून चेन्नईचे कापड दुकानदार नेमका तेव्हाच 'आडी'चा सेल लावतात. मंदीचा महिना आधीच ठाऊक असला की त्याचाही उपयोग करून घेता येतो.

चंद्र दिसेपर्यंत

हिजरी वर्षात अधिक महिना नाही. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे मागे सरकत राहते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०२२ मध्ये ३ मे रोजी अक्षय्य तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी आली. २०२३ मध्येही २२ एप्रिलला दोन्ही एकत्र! बाजारपेठेत कापड, सुकामेवा, सोने यांची एकच झुंबड. एखाद्याला वाटले असेल, पुढच्या वर्षीही असेच. पण मधे अधिक श्रावण आला. २०२४ मध्ये अक्षय्य तृतीया १० मेला गेली, आणि ईद आपल्या चालीने ११ एप्रिलला आली. दोन सणांत महिन्याचे अंतर पडले.

ईदला आणखी एक पेच. महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे चंद्रदर्शनावर ठरते. शीरखुर्म्यासाठी दूध उद्या लागणार की परवा, हे दूधवाल्याला आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. शेवया, खजूर, सुकामेवा आधी भरून ठेवता येतो. दुधाची मात्र दोन्ही दिवसांची तजवीज मनात ठेवावी लागते.

तिथीचा घोळ दिवाळीलाही होतो. २०२४ मध्ये अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी संपली. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ तारखेला, उत्तरेत अनेक ठिकाणी ३१ ला. मिश्र वस्तीच्या शहरांत खव्याची मिठाई एका दिवसासाठी करणाऱ्यांची तारांबळ उडाली. ज्यांनी दोन घाण काढले त्यांची मिठाई दोन्ही दिवशी ताजी राहिली.

अमेरिकेचा 'अधिक आठवडा'

हे सगळे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतले किरकोळ व्यापारी विक्रीची तुलना करण्यासाठी ५२ आठवड्यांचे वर्ष धरतात. ५२ आठवडे म्हणजे ३६४ दिवस. उरलेला एखाद-दुसरा दिवस साचत जातो, आणि पाच-सहा वर्षांनी त्यांना एक जादा आठवडा धरावा लागतो. २०१७ आणि २०२३ ही अशी ५३ आठवड्यांची वर्षे होती. हा त्यांचा अधिक मासच म्हणायचा!

तिथल्या 'थँक्सगिव्हिंग' या सणापासून नाताळची खरेदी सुरू होते. १९३९ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला आला. खरेदीचे दिवस कमी पडणार म्हणून व्यापारी अस्वस्थ झाले, आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला. काही राज्यांनी मानले, काहींनी नाही. देशात एकाच सणाच्या दोन तारखा झाल्या. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवला गेला. तरीही तो २२ ते २८ तारखांमध्ये फिरतो आणि नाताळपर्यंतचे दिवस २७ ते ३३ असे बदलतात.

पगार, रविवार आणि सुट्टी

तिथी जुळवली म्हणजे काम संपले असे नाही. दिवाळी महिन्याच्या सुरुवातीला आली की पगार हातात असतो. २०२५ सारखी २१ तारखेच्या सुमारास आली की खरेदी बोनसवर अवलंबून राहते आणि मोठी वस्तू पुढे ढकलली जाते. सणाआधी किती रविवार मिळतात हेही मोजावे. दसरा २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीच्याच दिवशी आला. दोन सुट्ट्यांची एक झाली, आणि खरेदीचा एक मोकळा दिवस गेला. लीप वर्षातल्या २९ दिवसांच्या फेब्रुवारीत विक्री साडेतीन टक्क्यांनी वाढलेली दिसली, तर ती बहुधा त्या एका दिवसाचीच करामत असते.

मग आधार कशाचा घ्यायचा? पंचांगाचे एक सुंदर गणित इथे उपयोगी पडते. एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. म्हणून एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. २००१ चे लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते, २०२० चेही १४ नोव्हेंबरलाच. २००४ मध्ये १२ नोव्हेंबर, २०२३ मध्येही १२ नोव्हेंबर. त्या दोन्ही वर्षी अधिक मासही श्रावणच! एकोणीस वर्षांपूर्वीचे भाव आणि खप आज उपयोगाचे नाहीत. पण कोणत्या आठवड्यात गर्दी झाली, पगार आधी होता की नंतर, शेवटच्या रविवारी काय संपले, ही माहिती आजही बोलते. शिवाय २०२० सारखे करोनाचे वर्ष मापाला घेता येत नाही. अशा वेळी जुन्या वहीचाच आधार.

आणि म्हणूनच त्या तालुक्याच्या गावी अण्णा उठले, पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून लाल कापडात बांधलेली २००४ ची वही काढली आणि मुलापुढे ठेवली. दिवाळीआधीच्या दुसऱ्या रविवारच्या पानावर त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती : "भाजके पोहे सकाळीच संपले. पुढे ध्यानात ठेवणे."

मुलाने फोन उचलला. रवा-मैद्याची पोती महिनाअखेर पाठवा म्हणून सांगितले. पोहे मात्र दोन पोती जास्त सांगितले.

चौकट
दुकानाच्या वहीत या पाच नोंदी हव्याच

१. विक्रीच्या प्रत्येक दिवशी तारखेबरोबर 'सणाला किती दिवस बाकी' हे लिहावे.
२. वर्षाच्या आरंभीच अधिक मास, पितृपक्ष, श्रावण, रमजान यांच्या तारखा आणि विवाहमुहूर्त एका पानावर उतरवून घ्यावेत.
३. माल दोन-तीन हप्त्यांत मागवावा. नाशिवंत मालाची पहिली मागणी लहान ठेवावी.
४. कोणती वस्तू कधी संपली आणि किती गिऱ्हाइके परत गेली, हे जरूर टिपावे. विकलेल्या मालाइतकीच न विकता आलेल्या मालाची नोंद मोलाची असते.
५. पाऊस, संप, साथ, पगार लवकर किंवा उशिरा होणे अशा विशेष गोष्टी त्या-त्या दिवसापुढे लिहाव्यात, म्हणजे ते वर्ष पुढे चुकून मापाला घेतले जाणार नाही.